फेब्रुवारीत गोधडी निघालीच नाही : यंदाचा हिवाळा आणि 'सरासरी'

गच्चीवरून (पुणे)
२ मार्च २०२५, रात्री ९.४०

माझे वडील रोज सकाळी पेपर आला की आधी आतल्या पानावरचा हवामानाचा छोटा चौकोन शोधायचे. कमाल-किमान तापमान एका लांबट हिशेबाच्या वहीत उतरवायचे आणि शेजारच्या 'शेरा' या रकान्यात तीन-चार शब्द लिहायचे. 'बंब लवकर पेटवला.' 'नदीवर धुके.' 'खोबरेल गोठले.' ते गेल्यावर वही मी पुढे चालू ठेवली. काल फेब्रुवारीचं पान पूर्ण केलं तेव्हा दिसलं, की शेऱ्याचा रकाना जवळजवळ कोरा आहे. थंडीबद्दल लिहावं असं महिनाभरात काही झालंच नाही. गोधडी कपाटातच राहिली.

आपल्याला वाटतं ते खरं की भास, हे ताडून पाहायला हवामान खात्याचे देशाचे आकडे पाहिले. फेब्रुवारी २०२५ चं देशाचं सरासरी तापमान २२.०४ अंश. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी २०.७० अंश. म्हणजे १.३४ अंश जास्त, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत हा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी. त्याआधीचा जानेवारीही १८.९८ अंशांवर होता, सरासरीपेक्षा ०.९४ अंश वर आणि १९०१ पासूनच्या जानेवारींमध्ये तिसरा.

पण मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट पुढेच आहे. आठवत असेल, फेब्रुवारी २०२३ मध्येही असाच गवगवा झाला होता. तेव्हा देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होतं. यंदा ते २९.०७ आहे. म्हणजे दिवस २०२३ चे जास्त तापले होते. मग उच्चांक यंदाचा कसा? उत्तर रात्रीत आहे. यंदाचं सरासरी किमान तापमान १५.०२ अंश, जे १३.८२ असायला हवं होतं. १९०१ पासून इतक्या उबदार फेब्रुवारीतल्या रात्री देशाने पाहिलेल्या नाहीत.

आपण बातम्यांत कायम दुपारचा आकडा पाहतो. हिवाळा मात्र रात्री असतो. पुण्यात फेब्रुवारीची दुपार नेहमीच बत्तिशीच्या आसपास जाते, त्यात नवल नाही. पुण्याची थंडी म्हणजे पहाटे बाराच्या आसपास उतरणारा पारा, स्वेटर घालून दूध आणायला जाणं आणि अकरा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधणं. ती पहाट यंदा हरवली.

तुमच्याकडे काय अनुभव? आकडे नसले तरी चालतील. झाडं, पिकं, स्वयंपाकघर, काहीही लिहा.

---

नाचणीसत्त्व (ठाणे)
२ मार्च, रात्री १०.५५

काका, वहीबद्दल वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे वही नाही, पण विरजण आहे.

मी रात्री जेवणं आटोपली की साडेनऊ-दहाला दह्याला लावते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे पाचपर्यंत घट्ट लागतं आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर आंबट होतं. थंडीत मात्र गणित बदलतं. दूध जरा जास्त कोमट ठेवायचं, विरजण चमचाभर जास्त, आणि पातेलं पंच्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी कोपऱ्यात ठेवायचं. सासूबाई पातेलं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. एवढं करूनही सकाळी आठला वाकडं केलं तर कडेने पाणी हलतं आणि मुलाच्या डब्यातला दहीभात दुपारवर जातो.

यंदा हे सगळं डिसेंबरात काही दिवस केलं आणि जानेवारीत थोडंफार. फेब्रुवारीत पंचा लागलाच नाही. महिन्याच्या शेवटी तर चार वाजता उठून दही फ्रीजमध्ये टाकत होते, मे महिन्यात टाकते तशी.

खोबरेल तेलाचंही तसंच. ते चोविसाच्या खाली गेलं की गोठायला लागतं. आमच्याकडे ठाण्यात बाथरूमच्या खिडकीतली बाटली थंडीत सकाळी पांढरी व्हायची आणि गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी लागायची. लेकीला ते फार आवडतं, बाटली हळूहळू निवळताना बघत बसते. या महिन्यात तिने दोनदा विचारलं, तेल कधी पांढरं होणार म्हणून.

---

कातळसडा (रत्नागिरी)
३ मार्च, सकाळी ७.१०

गच्चीवरून काका, रात्रीचा मुद्दा शंभर टक्के. आमचं सगळं वर्ष त्या रात्रींवर उभं आहे.

हापूसला मोहोर फुटायचा तर आधी जमीन सुकायला हवी आणि मग सलग दहा-पंधरा रात्री पंधरा अंशांच्या आसपास हव्यात. गेल्या वर्षी पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळला. जमिनीतली ओल गेली नाही, तेव्हा झाडाने पालवीच काढली. डिसेंबरच्या सुरुवातीला वादळाच्या मागे ढगाळ हवा आली. त्यानंतर चांगली थंडी पडली आणि जानेवारीत मोहोर दिसला. आम्ही म्हटलं चला, उशिरा का होईना.

मोहोर येणं आणि आंबा हाताला लागणं यांच्यात तीन-चार महिने असतात. आधी कणी, मग वाटाणा, मग गोटी, मग सुपारी, अशी फळाची मोजणी करतो आम्ही. फळ वाटाण्यापासून सुपारीपर्यंत जाताना झाडाला सोसेल अशी हवा लागते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जो उन्हाचा तडाखा बसला त्याने नेमकं त्याच वेळी गाठलं. बागेत सकाळी फिरलो तर पायाखाली कण्यांचा सडा. देठ पिवळा पडून तिथून सुटलेली बारकी बारकी फळं, पाचोळ्यावर पडल्याचा आवाजही होत नाही. उचलून मुठीत धरली तर एका मुठीत पन्नासेक मावतील. प्रत्येकाचा जूनपर्यंत आंबा झाला असता असं नाही, झाड स्वतःही बरीच गाळतं. पण किती गळायची आणि किती गळाली, हे वीस वर्षं बाग बघणाऱ्याला कळतं.

कातळावरच्या झाडांना जास्त त्रास. दिवसभर कातळ तापतो आणि रात्री गार होण्याऐवजी उष्णता सोडत राहतो. पहाटे तीनला बाहेर आलो तरी दगडावर पाय ठेवला की ऊब लागते. एरवी फेब्रुवारीत हा दगड पहाटे बर्फासारखा असतो.

आता राहिलेल्या फळांना पाणी देतोय, बुंध्याभोवती गवताचं आच्छादन टाकलंय. फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशव्या घालणार, म्हणजे भाजणार तरी नाही. बघू.

---

सरळरेषा (नागपूर)
३ मार्च, दुपारी १.३०

धागा वाचतोय. दोन शंका आहेत, वाद घालायचा हेतू नाही.

एक. फेब्रुवारीला हिवाळा म्हणायचं का? आमच्याकडे नागपुरात थंडी म्हणजे डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदले गेले, ती थंडी मी अंगावर घेतली आहे. रात्रपाळी करून गाडीवरून घरी आलो तर बोटं ब्रेकवरून निघेनात. फेब्रुवारीत संत्र्याला आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या हंगामाची, फुलं येतात आणि आम्ही कूलर साफ करायच्या गोष्टी सुरू करतो.

दोन. जानेवारी २०२५ तिसरा म्हणता, मग पहिले दोन कोणते? ते १९५८ आणि १९९० आहेत. १९५८ ला आजच्याएवढ्या गाड्या नव्हत्या, एवढं सिमेंट नव्हतं. तरी तो जानेवारी यंदापेक्षा गरम होता. मग एका महिन्यावरून किती बोलायचं?

---

गच्चीवरून (पुणे)
३ मार्च, रात्री ९.१५

सरळरेषा, दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीचं उत्तर गमतीचं आहे. हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. मार्च ते मे पावसाळ्यापूर्वीचा काळ, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळ्यानंतरचा. म्हणजे तुमचा तो २०१८ चा कडाका कागदोपत्री हिवाळ्यातच येत नाही! आपल्या पंचांगात माघ शिशिरात येतो, तेव्हा फेब्रुवारी तिथेही हिवाळ्यातच. आणि 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणतात त्याअर्थी आपल्या आज्या-पणज्यांनी थंडीला फाल्गुन पौर्णिमेपर्यंत मुदत दिली होती. यंदा होळी १३ मार्चला आहे. थंडी त्याआधी किती दिवस गेली ते तुम्हीच मोजा.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. एका महिन्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मान्य. महिना हा फार लहरी असतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता, पण त्यावरून १९३५ चं सगळं वर्ष थंड होतं असं म्हणता येणार नाही. म्हणूनच तीस वर्षांची सरासरी काढतात. एक-दोन विक्षिप्त वर्षं त्यात विरघळून जातात.

पण १९५८ बघताना आजूबाजूही बघा. आत्ता काय दिसतं? २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसांचा उच्चांक. २०२४ हे पूर्ण वर्ष सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त, १९०१ पासूनचं सगळ्यात उष्ण. मग जानेवारी तिसरा, लगेच फेब्रुवारी पहिला. एक गरम महिना कुठल्याही काळात येऊ शकतो. असे एकामागोमाग एक येऊ लागले की मी वहीची मागची पानं उलटायला लागतो.

आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. 'सरासरी' ही दगडावरची रेघ नाही. दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. आधी १९८१ ते २०१० धरायचे, आता १९९१ ते २०२०. ऐंशीचं दशक गळलं आणि त्याच्यापेक्षा उबदार असं २०११ ते २०२० चं दशक आत आलं. म्हणजे सरासरी स्वतःच वर चढली. यंदाचा १.३४ अंशांचा फरक हा त्या चढलेल्या पायरीपासून मोजलेला आहे. माझ्या वडिलांनी वही सुरू केली तेव्हाच्या पायरीपासून मोजला तर तो अजून मोठा निघेल. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाच्या आसपास वाढलं, असं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालातच आहे.

सरासरी बदलणं चूक नाही. आजच्या शेतकऱ्याला आजच्या काळाशी तुलना हवी. पण वीस वर्षांनी कुणी फेब्रुवारी २०२५ कडे बघेल तेव्हा तो कदाचित 'साधारण' या सदरात मोडेल, आणि हे मला रात्री झोपताना सारखं आठवतं.

---

पाटपाणी (निफाड)
४ मार्च, पहाटे ५.५०

निफाडचं नाव निघाल्याशिवाय थंडीचा धागा पुरा कसा होणार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, ही आमच्याकडे हिवाळ्यात रोजची पहिली बातमी. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोनाच्या खाली गेला होता. तेव्हा द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवल्या, पहाटे ठिबक चालू ठेवलं. पाणी जमिनीतून निघतं तेव्हा कोमट असतं, तेवढीच मुळांना ऊब. तरीही मणी तडकले.

त्यामुळे द्राक्षवाल्याला विचाराल तर उबदार हिवाळा त्याला वाईट नाही असंच तो आधी सांगेल. भुरी (बुरशीचा रोग) कमी, मणी तडकायची भीती कमी, साखर लवकर भरते. पण सगळ्यांचीच साखर एकदम भरली तर सगळा माल एकदम बाजारात येतो आणि भाव काय होतो ते सांगायला नको.

गव्हाचं मात्र उलट. माझा दोन एकर गहू आहे, सोयाबीन उशिरा निघाल्यामुळे पेरणी डिसेंबरात गेली. फेब्रुवारीत तो चिकात होता. ओंबीतला दाणा नखाने दाबला की पांढरं दूध निघतं, ती अवस्था. या दिवसांत रात्र थंड असली की झाड दिवसभर केलेलं अन्न दाण्यात साठवतं. रात्र उबदार असेल तर झाडाचा श्वास जोरात चालतो आणि दिवसाची कमाई रात्रीच खर्च होते. वर पीक घाईने पिवळं पडतं, दाणा भरायला मिळणारे दिवसच कमी होतात.

काल चार ओंब्या तोडून तळहातावर चोळल्या. फुंकर मारली तर भुशाबरोबर काही दाणेही उडाले. इतके हलके. चांगला भरलेला दाणा फुंकरीने जागचा हलत नाही. ज्याने पंधरा नोव्हेंबरच्या आत पेरलं त्याचा गहू बरा आहे, शेजारच्या रानातच फरक दिसतो. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत असंच झालं होतं, दाणा भरायच्या वेळी उष्णता आली आणि पुढे मेमध्ये सरकारला निर्यात थांबवावी लागली.

काका, तुमची वही आमच्या पिकाच्या अवस्थांशी जोडून पाहिली पाहिजे. महिन्याची सरासरी मला फारशी कामाची नाही. दाणा चिकात असताना पंधरा रात्री कशा होत्या, एवढं कळलं की पुरे.

---

फलाट_चार (डोंबिवली)
४ मार्च, सकाळी ९.२०

लोकलमधून लिहितोय. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. आमची आजी म्हणायची, थंडी त्या दिवशी 'शिव शिव' करत जाते. यंदा शिवरात्रीच्या आदल्या दिवसापासून मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता! सांताक्रूझला ३८.७ पर्यंत गेलं. अंबरनाथच्या शिवमंदिराची रांग नेहमी असते तशीच होती, पण बायका डोक्यावर ओले टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी आईला घेऊन गेलो होतो, अर्ध्यातून परत आणलं.

एक विचारायचं होतं. डोंबिवलीत एवढं तापलं तरी कुलाब्याला मामा राहतो, तो म्हणतो आमच्याकडे ठीक आहे. एकाच शहरात एवढा फरक का? आणि यंदा ला निना आहे, कडाक्याची थंडी पडणार, असं सगळीकडे छापून येत होतं. त्याचं काय झालं?

---

झुळूक (अलिबाग)
४ मार्च, रात्री ८.०५

फलाट_चार, आईंना आता बरं असेल अशी आशा. मला या विषयाची आवड आहे, जमेल तसं सांगते.

कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र. पाणी हळू तापतं, हळू निवतं, म्हणून तिथे दिवस फार तापत नाही आणि रात्र फार गार होत नाही. सांताक्रूझ जरा आत आहे आणि डोंबिवली तर खाडीच्या पलीकडे. किनाऱ्याची सगळी मदार दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. सकाळी वारा जमिनीकडून वाहतो. जमीन तापली की साडेअकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा तिथेच थांबतो. पूर्वेकडून येणारा कोरडा वारा जोरात असला तर तो या खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. मग वारा दोन-तीन वाजता येतो आणि तोवर पारा चढतच राहतो. इथे अलिबागला मला हे वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. एरवी बारानंतर दोरीवरच्या साड्या घराकडे उडायला लागतात. शिवरात्रीच्या आठवड्यात त्या दुपारी दोनपर्यंत समुद्राकडेच उडत होत्या.

इशाऱ्याचा नियमही सांगते. किनाऱ्यावर कमाल ३७ किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. मैदानी भागाला ४० ची अट आहे. फेब्रुवारीत ती पाळी येणं हे खरोखर विशेष. तरी सांताक्रूझचा फेब्रुवारीचा उच्चांक अजून १९६६ चाच आहे, ३९.६ अंश. सरळरेषा यांचा मुद्दा इथेही लागू पडतो. जुन्या काळातही असे सुटे दिवस आले आहेत.

ला निनाचं असं, की प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व भागाचं पाणी नेहमीपेक्षा गार झालं की तिला ला निना म्हणतात, आणि तशा हिवाळ्यांत आपल्याकडे उत्तरेचे वारे जोर धरतात, असा साधारण अनुभव. यंदा ती येणार येणार म्हणता म्हणता जानेवारी उजाडला, आणि आली तीही दुबळी. नुसत्या तिच्या भरवशावर थंडी येत नाही. आपल्याला थंडी मिळते ती उत्तरेकडून. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेचे टप्पे, हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस देऊन पुढे सरकले की त्यांच्या मागे गार, कोरडा वारा खाली उतरतो. यंदा जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेतच पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी पडला. मागून येणारा वारा पुरेसा गारच नव्हता.

आणि रात्र गार व्हायला आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा शांत लागतो. जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता तेव्हाच वर निघून जाते. हवेत बाष्प असलं की ते तिला अडवतं.

---

नाचणीसत्त्व (ठाणे)
४ मार्च, रात्री ८.४०

झुळूक, साड्यांचं वाचून लगेच गॅलरीत जाऊन बघितलं. फार सोपं करून सांगितलंत.

---

थेम्सकाठी (रीडिंग, इंग्लंड)
५ मार्च, दुपारी ३.३०

मूळचा साताऱ्याचा, इथे सतरा वर्षं झाली. तुमच्या वहीवरून आठवलं म्हणून लिहितो. इंग्लंडच्या मध्य भागाच्या तापमानाची मासिक नोंद १६५९ पासूनची आहे, उपकरणांनी केलेली जगातली सगळ्यात लांब मालिका. शिवाजी महाराजांनी अफझलखानाला भेटीला बोलावलं ते हे वर्ष. मी इथल्या मित्रांना हे सांगतो तेव्हा त्यांनाही गंमत वाटते.

त्या मालिकेत डिसेंबर २०१० हा उणे ०.७ अंश आहे. १८९० च्या डिसेंबरनंतर इतका थंड डिसेंबर झालाच नव्हता. मी तेव्हा नवा होतो, घरमालकिणीने दिलेल्या फावड्याने दारातलं बर्फ काढलं होतं. पाचच वर्षांनी डिसेंबर २०१५ आला तो ९.७ अंशांचा, साडेतीनशे वर्षांतला सगळ्यात उबदार डिसेंबर. नेहमीपेक्षा जवळजवळ पाच अंश वर! मार्चमध्ये फुलणारी डॅफोडिल्स नाताळात रस्त्याकडेला उभी होती. लोक आनंदाने फोटो काढत होते, आणि त्याच महिन्यात उत्तरेकडे कंब्रियात पुराने घरं बुडाली. उबदार हवा बाष्पही जास्त आणते.

थंड डिसेंबर संपलेत असं २०१५ ने ठरवलं नाही आणि पृथ्वी तापत नाही असं २०१० ने ठरवलं नाही. दोन्ही वर्षं मी इथेच होतो. म्हणून सरळरेषा यांना एवढंच म्हणेन, की १९५८ ला बाजूला टाकू नका, पण त्याला एकटं साक्षीदारही करू नका.

---

सरळरेषा (नागपूर)
५ मार्च, रात्री ११.१०

पटलं. विशेषतः सरासरीची पायरी सरकते ते मला माहीत नव्हतं. मी नेहमी 'सरासरीपेक्षा एक अंश जास्त' वाचून एवढ्याने काय होतं म्हणून पुढे जायचो.

इथल्या संत्रा बागायतदाराशी आज बोललो. तो म्हणाला, आंबिया बहाराला ताण दिला, म्हणजे काही दिवस पाणी तोडलं, फुलं छान आली, आता फळ धरायच्या वेळी ऊन असंच राहिलं तर गळ होणार. कोकणातल्या दादांनी लिहिलं तेच, फक्त झाड वेगळं.

---

कोथरूडकरीण (पुणे)
६ मार्च, सकाळी १०.२५

पुण्याबद्दल एक भर. आपण 'पुण्याचं तापमान' म्हणतो ते शिवाजीनगरच्या वेधशाळेचं, सिमला ऑफिसच्या आवारातलं. तिथे झाडी आहे. थंडीतल्या एकाच पहाटे हवेली किंवा एनडीएचा (खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीचा) आकडा आणि मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कचा आकडा शेजारी ठेवून बघा. पाच-सहा अंशांचा फरक सहज निघतो. माझी मुलगी मगरपट्ट्यात राहते. डिसेंबरात पुण्याचा पारा एक आकडी झाला तेव्हा मी फोन करून म्हटलं, नातवाला कानटोपी घाल. ती म्हणाली, आई, इथे पंखा चालू आहे.

उंच इमारती, काच, डांबर दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता सोडतात. म्हणजे देशाची रात्र उबदार होतेय ती एक, आणि आपण बांधलेल्या वस्तीची रात्र उबदार होतेय ती दुसरी. दोन्ही एकाच उशाशी येतात. ज्याच्या पत्र्याच्या खोलीत खिडकीच नाही त्याच्या उशाशी सगळ्यात आधी.

---

नाचणीसत्त्व (ठाणे)
८ मार्च, रात्री ९.३०

काका, हा धागा लेकीला वाचून दाखवला. तिला आता वही हवी आहे. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मागवला. तो लावायचा कुठे? आमच्याकडे पश्चिमेची गॅलरी आणि पूर्वेची स्वयंपाकघराची खिडकी एवढंच आहे.

---

गच्चीवरून (पुणे)
८ मार्च, रात्री १०.२०

वा! लेकीला माझ्याकडून शाबासकी.

वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, फटींच्या झडपा असलेल्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत जात नाही. तुम्हाला तसं जमणार नाही, पण तीन गोष्टी पाळा. ऊन थेट पडू देऊ नका. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे टांगा, कारण पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. आणि स्वयंपाकघराची खिडकी नको, कुकरची वाफ आणि फ्रीजची ऊब आकडा बिघडवतात. गॅलरीच्या छताला दोरीने टांगा आणि पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडा.

किमान तापमान रोज सकाळी साडेआठला लिहा, कमाल संध्याकाळी साडेपाचला. वेधशाळेत त्याच वेळा आहेत. तुमचा आकडा सांताक्रूझशी जुळणार नाही, जुळायला पाहिजे असंही नाही. जागा आणि वेळ मात्र बदलू नका. एकाच जागेवरचा, एकाच वेळेचा आकडा वर्षानुवर्षं असला की तो स्वतःशीच तुलना करायला उपयोगी पडतो. आणि शेऱ्याचा रकाना सोडू नका. पाटपाणी म्हणाले ते मी मनावर घेतलं आहे. यापुढे वहीत मी पंधरवड्याचा हिशेब वेगळा ठेवणार आणि रात्रींना स्वतंत्र पान देणार.

---

कातळसडा (रत्नागिरी)
११ मार्च, सकाळी ६.४५

गळ थांबली आहे. राहिलेली फळं सुपारीच्या पुढे गेली. काल पहाटे कातळावर उभा राहिलो, जरा गार लागला. पिशव्या पुढच्या आठवड्यात.

---

नाचणीसत्त्व (ठाणे)
१४ मार्च, सकाळी ८.५०

काल सोसायटीत होळी पेटवली. लेक जाळाच्या जवळ जायला तयार नव्हती, गरम होतंय म्हणाली. बाकीची मुलंही लांबच उभी होती. मी लहान असताना आम्ही होळीभोवती हात शेकत बसायचो, कोळसे विझेपर्यंत उठायचो नाही.

आज साडेआठला तिने पहिला आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात विचारलं काय लिहू. मी म्हटलं, तुला वाटेल ते. तिने लिहिलं, 'दही पाच वाजता लागले. तेल पातळ.'